खिळ्यावरचा नान

आमच्या कोकंदच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन खिळे आहेत. एक माझ्या भावाचा, जव्लोनचा, आणि एक माझा. घरातलं कुणी लांब निघालं की आई त्याच्या तोंडापुढे ताजा नान धरते. त्याने एक घास चावायचा, आणि उरलेला नान कापडात बांधून खिळ्याला टांगायचा. गेलेला माणूस परत आला की त्यानेच तो संपवायचा. तोवर त्याला कुणी हात लावत नाही. उंदीरसुद्धा लावत नाहीत, कारण आमच्या आईला तेही ओळखून आहेत. जव्लोन सैन्यातून वर्षभराने परतला, चहात बुडवून बुडवून त्याने आपला नान कसाबसा संपवला आणि म्हणाला, "बराकीतलं जेवण बरं होतं." आईने त्याला लाटणं फेकून मारलं.

माझा नान मात्र चार वर्षं तिथेच लटकत राहिला. मी ताश्कंदला रोबोटिक्स शिकायला गेले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझा वरचा एक दात वाकडा होता. तो दात पुढे शहरातल्या डॉक्टरने सरळ केला, पण नानावरच्या चाव्यात तो तसाच वाकडा राहिला. मी दर सुट्टीत घरी जात होते, म्हणजे तसं पाहिलं तर परत येतच होते. पण आईचा कायदा वेगळा होता.

"सुट्टीला येणं म्हणजे येणं नव्हे, कीझिम," ती मला म्हणायची. लेकीला आमच्याकडे कीझिम म्हणतात. "डिप्लोमा घेऊन ये, मग खा. अर्धवट कामावर पूर्ण नान मिळत नाही."

मी जेवायला बसायची ती जागा नेमकी खिळ्याखाली होती. चार वर्षं, दर सुट्टीत, मी त्या गाठोड्याखाली बसून जेवले. परीक्षेत कमी गुण पडले की आई नुसती वर बघायची.

आमच्या वर्गात एकोणीस मुलगे होते आणि मी. शेवटच्या वर्षी प्रत्येक जोडीने एक यंत्र बनवायचं आणि जूनमध्ये समितीपुढे चालवून दाखवायचं. तेच यंत्र चाललं तर डिप्लोमा. माझ्या वाट्याला जोडीदार आला दोनियोर. प्रोग्राम लिहिण्यात तो वाघ होता आणि बाकी सगळ्यात कोकरू. पक्का ताश्कंदचा, आठव्या मजल्यावर वाढलेला. तंदूर म्हणजे कुठलं तरी हॉटेल, अशी त्याची समजूत असावी. बाकीच्या जोड्यांनी चेंडू मारणारे, रेघेवरून धावणारे, चित्र काढणारे रोबोट घेतले. मी म्हटलं, आपण नान उचलणारा हात बनवू. बेकरीच्या पट्ट्यावरून नान येणार, कॅमेरा बघणार, अख्खा गोल असेल तर हात तो उचलून मोठ्या पेटीत रचणार, मोडका असेल तर बाजूच्या पेटीत टाकणार. आईच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही, सगळे तंदूरने खाल्ले. त्या हाताकडे बघत मी लहानाची मोठी झाले, मग मला दुसरं काय सुचणार?

हाताला दोनियोरने नाव दिलं पल्वान. आमच्या भाषेत पल्वान म्हणजे पैलवानच. वास्तविक तो इतका काटकुळा होता की पंखा लावला तर हलायचा.

आणि इथे आम्ही आमची सगळ्यात मोठी चूक केली. ती चूक जगात दुसरीकडे कुणी केली नसती.

यंत्र शिकताना वस्तू पाडतं. पडल्याशिवाय कुणालाच चालता येत नाही, यंत्राला कसं येणार? परदेशातल्या एखाद्या पोराने पन्नास पाव आणले असते, पन्नास पाडले असते आणि झाडू मारून मोकळा झाला असता. आमच्याकडे नान जमिनीवर पडला तर उचलून ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा आणि उंच जागी ठेवायचा. पल्वान दिवसाला दोनशे वेळा पाडत होता. दोनशे वेळा आम्ही कपाळाला लावत बसलो असतो तर कपाळं झिजली असती. मग मी काय केलं, जुनी गादी फाडली, रेक्झिन आणलं आणि कापूस भरून बारा नान शिवले. दिसायला देखणे. वजन बरोब्बर. पल्वानच्या मनगटाला रबरी वाटी होती. पंप तिच्यातली हवा ओढायचा की वाटी नानाला चिकटायची आणि तो अलगद वर यायचा. एप्रिल संपेपर्यंत पल्वान शंभरात शंभर नान उचलायला लागला. आम्ही दोघांनी वसतिगृहाच्या आवारातल्या तुतीखाली उभे राहून तोंडं जांभळी होईस्तोवर तुती खाल्ल्या आणि एकमेकांची पाठ थोपटली.

मेच्या मध्यावर दोम्ला कच्ची चाचणी घ्यायला आले. दोम्ला म्हणजे आमचे प्राध्यापक गैरत सोबिरोविच. तीस वर्षं शिकवत होते आणि तीस वर्षांत कुणाला अर्धा गुणसुद्धा फुकट दिला नव्हता. चाळीस अंश उन्हातही टाय. 'जवळजवळ झालंय' असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "पूलही जवळजवळ उभे असतात, मग पडतात." त्यांना हसताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. ते आले, माझे रेक्झिनचे नान एका बाजूला सारले आणि आपल्या पिशवीतून बाजारातला खराखुरा नान काढून पट्ट्यावर ठेवला.

पल्वान वाकला. वाटी टेकली. पंप सुरू झाला. फुस्स असा आवाज आला, नान वीतभर वर गेला आणि धप्पकन फरशीवर पडला.

दोम्ला गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले, नान उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि कपाटावर ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "मुहय्योखोन, तुमचा रोबोट उशा फार छान उचलतो."

नावापुढे 'खोन' लावून बोलले की समजायचं, आपली काही खैर नाही.

कारण साधं होतं. आमच्या नानाच्या मधोमध, भाजण्याआधी, टोचणीच्या ठशाने भोकं पाडतात. नक्षी म्हणून नाही, मधला भाग फुगू नये म्हणून. त्या भोकांतून हवा शिरत होती. नानवालीची मुलगी मी, रोज तो ठसा बघत मोठी झाले, आणि बारा नान शिवताना एकालाही भोक पाडलं नव्हतं! काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

जाताना दोम्लांनी नियम सांगितले. "दहा जूनला वीस नान. खरे. एकदा पट्टा सुरू झाला की यंत्राला तुमच्यापैकी कुणाचा हात लागायचा नाही. यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलंत, तर चाचणी तिथेच रद्द. लाल बटण म्हणजे माफीनामा. मग भेटू हिवाळ्यात."

हिवाळा म्हणजे आणखी सहा महिने. मला लगेच खिळा दिसला.

पहिला उपाय दोनियोरने सुचवला. "तुझ्या आईला सांग ना, भोकं न पाडता भाज म्हणावं." मी आईला फोन केला. आईने केवळ गंमत म्हणून एक तसा भाजून पाहिला. तो पुरीसारखा टम्म फुगला, तंदूरच्या भिंतीवरून सुटला आणि निखाऱ्यात पडला.

"तुझ्या यंत्राला नान उचलता येत नाही, म्हणून मी नानाचं तोंड बदलू?" आई म्हणाली. "उद्या म्हणशील, सून उचलता येत नाही, बारीक सून आण."

दुसरा उपायही दोनियोरचाच. नानाची पाठ गुळगुळीत असते, तिला भोकं नसतात. मग पट्ट्यावर नान पालथा घालायचा, पाठीला वाटी लावायची, उचलायचा आणि पेटीत पालथाच ठेवायचा. दुपारी मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा पेटीत वीस नान पडले होते, सगळे तोंडावर. आमच्यात नान पालथा ठेवत नाहीत. का ते कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

"वीसपैकी वीस!" दोनियोर म्हणाला.

"सरळ कर ते."

"अगं, यंत्राला कुठे काय कळतं? यंत्राला धर्म नसतो, मुहय्यो."

"यंत्राला नसेल. मला आई आहे."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दुसरा उपाय आहे तुझ्याकडे?"

नव्हता. मी रागारागाने दार आपटून चहा आणायला गेले. परत आले तर हा बाबा पेटीपुढे उकिडवा बसून एकेक नान हाताने सरळ करत होता. मला पाहून त्याचे कान लाल झाले.

"हात आपोआप गेला," तो म्हणाला. "बघवेना."

तेव्हापासून मी दोनियोरला मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी माफ केल्या.

तिसरा उपाय आईचा. मी तिला फोनवर पल्वान दाखवला, वाटी दाखवली, नान कसा पडतो ते दाखवलं. तिने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, नाभीला धरून कुणाला उचलतात का? तुला मी असं उचललं होतं? खालून हात घाल. दोन्ही. नान एका हाताने घेतेस का कधी तू?"

नाहीच घेत. लहानपणापासून दोन्ही हातांनी घ्यायचा, दोन्ही हातांनी मोडायचा, हे अंगवळणी पडलेलं. आणि पल्वानला मी एकच वाटी दिली होती. आम्ही वाटी काढून टाकली आणि तुतीच्या लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या तासल्या, तळव्यांसारख्या, थोड्या आत वळलेल्या. तेल लावून लावून गुळगुळीत केल्या. दोन्ही बाजूंनी त्या नानाखाली सरकायच्या आणि त्याला उचलायच्या. या वेळी खऱ्या नानावर शिकवायचं होतं, म्हणून यंत्राखाली चार कोपरे खुर्च्यांना बांधून दस्तरखान, म्हणजे जेवताना अंथरायचं कापड, ताणला. दस्तरखानावर पडलेला नान पडलेला नसतो, तो वाढलेला असतो. ही पळवाट माझी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. तीन आठवड्यांत पल्वान शहाण्यासारखा वागायला लागला.

दहा जूनला सकाळी आई कोकंदहून रेल्वेने आली. पाठीवर केवढं तरी गाठोडं, डोक्याला नवा रुमाल, आणि अंगाला तंदूरचा वास. ती दोनियोरला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "हाच का तो नान पालथे घालणारा?"

"सरळ पण मीच केले, खोला," दोनियोर म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला खोला म्हणायचं एवढं त्याला येत होतं, नशीब.

चाचणीच्या खोलीत समितीचे तिघे बसले होते. मधोमध दोम्ला. त्यांच्या शेजारी नोंदवही घेऊन माव्जूदा ओपा, म्हणजे ताई, ज्यांच्या अक्षराला अख्खा विभाग भीत होता, कारण त्यांनी एकदा लिहिलेलं कुणी खोडत नसे. खोलीच्या एका टोकाला पट्ट्याची सुरुवात होती, दुसऱ्या टोकाला पल्वान आणि त्याच्या दोन पेट्या. लाल बटण पल्वानच्या शेजारी, आणि बटणाशेजारी मी. दोम्ला उठून बटणाच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभे राहिले, म्हणजे मी काही चलाखी करते का ते दिसायला.

"नान पट्ट्यावर कोण ठेवणार?" माव्जूदा ओपांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "माझे नान आहेत. दुसऱ्याचा हात मला नाही चालायचा."

दोम्ला म्हणाले, "पट्ट्याच्या त्या टोकाला बेकरीवाला असतोच. ठेवू द्या, ओपा आहेत त्या."

पट्टा सुरू झाला. पहिला नान कॅमेऱ्याखाली आला, पडद्यावर हिरवी चौकट उमटली, 'अख्खा'. पल्वानने दोन्ही तळवे खाली सरकवले, नान उचलला आणि पेटीत ठेवला, तोंड वर करून, जणू जन्मभर हेच करत आला होता. दुसरा. तिसरा. सातव्याला एक तळवा किंचित अडकला, पण पल्वानने पुन्हा सरकवला आणि निभावून नेलं. दहाव्यानंतर दोनियोर ओठांनी मोजायला लागला. पंधराव्याला मला वाटलं, आता मी श्वास घेतला तरी चालेल. एकोणिसावा पेटीत बसला तेव्हा माव्जूदा ओपांनी पेनाचं टोपण लावायला सुरुवात केली होती.

मी आईकडे पाहिलं. आई गाठोड्याकडे वळली नाही. तिने खांद्याच्या पिशवीत हात घातला आणि एक जुनं, फुलाफुलांचं, कडेला तेलकट झालेलं कापड काढलं. ते मी ओळखलं. चार वर्षं मी त्याच्याखाली बसून जेवले होते. आईने गाठ सोडली, नान ओठांना लावला आणि दोन्ही हातांनी पट्ट्यावर ठेवला. माझ्याकडे पाहून अशी हसली, जणू एखादं लहान मूल आपलं गुपित सांगतंय.

पुढे तिने सांगितलं ते असं. घरून निघताना नान वीसच होते. गाडीत समोरच्या बाईची दोन पोरं भुकेली होती, त्यांना एक दिला. मग एक कमी पडला. आणि तिला वाटलं, तसंही हा आज पोरीला खायचाच आहे, तर तिने बनवलेल्या हातांनीच तिच्यापुढे येऊ दे. एका दगडात दोन पक्षी. तिला मोडक्यांची पेटी माहीतच नव्हती. ती मी तिला कधी दाखवली नव्हती. आईला काय काय दाखवायचं असतं, हे आपल्याला नेहमी उशिरा कळतं.

नान हळूहळू पुढे आला. वाळून राखाडी झालेला, वाकडा, आणि कडेला चाव्याचा खड्डा. त्यात माझा वाकडा दात. तो कॅमेऱ्याखाली आला आणि पडद्यावर लाल चौकट उमटली. 'मोडका'.

पल्वानची चूक नव्हती. जो पूर्ण गोल नाही तो मोडका, हे मीच लिहिलं होतं. मी स्वतः, दोन ओळींत. त्याने तळवे खाली सरकवले, नान उचलला आणि डावीकडे वळायला लागला. डावीकडे मोडक्यांची पेटी होती, गुडघ्याएवढी खाली. वरून सोडला तर चार वर्षांचा नान मडक्यासारखा फुटणार होता.

मला चार सेकंद होते, हेही मीच ठरवलेलं. बटण दाबलं तर हिवाळा, आणि नान पुन्हा खिळ्यावर. नाही दाबलं तर डिप्लोमा. पण पट्ट्याच्या त्या टोकाला आई उभी होती, आणि मी बनवलेल्या हातांनी माझी वाट बघणारा नान फेकून दिला असता. तिच्यासमोर. खरं सांगायचं तर, पहिल्या सेकंदाला मी डिप्लोम्याचा विचार केला. दुसऱ्यालाही. मग मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी हात जोरात आपटला.

बटणावर माझा हात पडला, आणि त्याच क्षणी माझ्या हातावर दुसरा हात पडला. जड, अंगठी घातलेला. बोटं चेचली माझी. दोम्लांचा हात होता.

पल्वान तसाच गोठला. पेटीच्या वर, दोन्ही तळव्यांत नान धरून.

"काय झालं?" आई तिकडून ओरडली. "दमला का तो?"

माव्जूदा ओपांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "चाचणी चालू असताना बटण दाबलं गेलं. कुणी दाबलं? मला लिहायचंय."

"मी..." मी तोंड उघडलं.

"माझा हात वर होता," दोम्ला म्हणाले.

"वर तुमचा होता हो दोम्ला, पण खाली..."

"माव्जूदाखोन, वर कुणाचा हात होता?"

'खोन' ऐकून त्याही सावध झाल्या. "तुमचा."

"मग तेच लिहा. खोटं कशाला लिहायचं?" दोम्लांनी आईकडे वळून आवाज मऊ केला. "ओपा, हा नान चाचणीसाठी आणला होता का?"

"अहो, हा माझ्या लेकीचा नान आहे. ती चार वर्षांपूर्वी गेली तेव्हाचा."

"लिहा," दोम्ला म्हणाले. "विसावा नान चाचणीचा नव्हता. समितीच्या प्रमुखांनी यंत्र थांबवलं. एकोणीसपैकी एकोणीस."

"म्हणजे शंभर टक्के!" दोनियोर म्हणाला, आणि दोम्लांनी असं पाहिलं की तो पुन्हा कोकरू झाला.

दोम्लांनी पल्वानच्या तळव्यांतून नान दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि आईच्या हातात दिला. आईने माझ्यापुढे धरला.

"अजून डिप्लोमा मिळाला नाहीये," मी म्हटलं. "आधी खाल्ला तर तूच म्हणशील, अर्धवट कामावर..."

आईने दोम्लांकडे पाहिलं. दोम्लांनी माव्जूदा ओपांच्या हातून वही ओढून घेतली, सही केली आणि वही परत दिली. "आता खा."

मी खायला बसले. आयुष्यात इतकं कठीण काही चावलेलं नाही. माव्जूदा ओपांनी आपल्या थर्मासमधला हिरवा चहा दिला, तो संपला तेव्हा दोनियोर पळत जाऊन किटली भरून घेऊन आला. वाटेकरी चालत नाही, माझा मीच संपवायचा. बाहेर पुढची जोडी चेंडू मारणारा रोबोट घेऊन दार ठोठावत होती, आणि आतून माव्जूदा ओपा ओरडत होत्या, "थांबा, काम चालू आहे!" मला रडू येत होतं, आणि रडता रडता वाळका नान गिळणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. शेवटी उरला तो चाव्याकडचा तुकडा. वाकड्या दाताचा. तो मी चहात भिजवला नाही, तसाच खाल्ला.

आई नान आवरत होती. एकोणीस नान तिने माणसं मोजून वाटले, चेंडूवाल्या पोरांनासुद्धा. दोम्लांपुढे नान धरताना ती म्हणाली, "दोम्ला, एक विचारू? मी सांगायच्या आधीच तुम्हाला कसं कळलं, तो कसला नान आहे? पोरीला तर ठाऊकच होतं, तिचाच होता."

"आमच्याकडेही एक आहे," दोम्ला म्हणाले. "धाकट्याचा. अकरा वर्षं झाली."

"या बया! कुठे असतो?"

"परदेशात, सोलला. रोबोटच करतो. चांगले करतो." त्यांनी टाय सारखा केला. "माझाच विद्यार्थी."

आईने हळहळ केली नाही. ती तिच्या स्वभावातच नाही. तिने त्यांच्या हातात एकाऐवजी दोन नान ठेवले आणि म्हणाली, "त्याला सांगा, बाबा रे, आणखी उशीर केलास तर दात राहायचे नाहीत चावायला. बघितलंत ना आत्ता हिचे हाल?"

आणि दोम्ला हसले. खरंच हसले. दोनियोर साक्षीला आहे, नाहीतर वर्गात कुणी विश्वास ठेवला नसता.

आम्ही स्टेशनला निघालो, आणि फाटकापाशी आईला आठवलं की कापड वरच राहिलं. ते फुलाफुलांचं. "नवं आण की," मी म्हटलं. "तेच पाहिजे," ती म्हणाली. "आणखी कुठे जाशील तेव्हा लागेल." मी जिने चढून परत गेले.

चाचणीच्या खोलीत आता दोम्लांशिवाय कुणी नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. दोम्ला पल्वानच्या समोर स्टुलावर बसले होते, मांडीवर दोन नान, कानाला फोन.

"नाही रे, सगळं बरं आहे," ते म्हणत होते. "सहज केला. जेवलास का? बरं. अरे, इथे एका पोरीने नान उचलायची युक्ती काढली आहे. दोन तळव्यांची, लाकडी. नाही, फोटो नाही पाठवत. फोटोत नाही कळायचं ते. तुला बघायचं असेल तर यावं लागेल."

मी कापड न घेताच खाली आले. आईला सांगितलं, सापडलं नाही.